निवृत्तीनंतरचा प्रवास : मोटरहोम भाड्याने घ्यावी की विकत?

निवृत्तीनंतर मोटरहोम, म्हणजे आत पलंग, ओटा आणि शौचालय असलेली गाडी, घेऊन देश पाहावा, ही इच्छा ठाणे आणि नवी मुंबईत आता नवलाची राहिलेली नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता भिवंडीजवळून, म्हणजे जवळजवळ ठाणेकरांच्या दारातूनच सुरू झाला. कळंबोलीहून द्रुतगती मार्ग पुण्याकडे जातो आणि पनवेलहून राष्ट्रीय महामार्ग ६६ कोकणात उतरतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. रस्ते आहेत, वेळ आहे, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम खात्यात जमा झाली आहे. अशा वेळी पंचवीस-तीस लाखांचा व्यवहार एखाद्या आठवड्यात ठरून जातो. त्यानंतर ती गाडी वर्षातले दहा महिने सोसायटीच्या कुंपणालगत उभी राहू नये, एवढ्यासाठी हे लेखन आहे.

बहुतेक जण गाडीच्या किमतीपासून विचार सुरू करतात. माझ्या मते किंमत सर्वांत शेवटी पाहावी. वर्षातून किती रात्री आपण खरोखर गाडीत काढणार, घरी परतल्यावर गाडी कुठे उभी राहणार आणि ती चालवणार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर उतरली पाहिजेत. ती उतरली की ठाणे-नवी मुंबईतील बहुतेक जोडप्यांना निदान पहिले वर्षभर मोटरहोम भाड्याने घेणेच शहाणपणाचे आहे, असे मला वाटते, आणि त्याची कारणे पुढे क्रमाने मांडली आहेत.

वर्षातल्या रात्री

पतिपत्नींनी भिंतीवरचे कॅलेंडर समोर घेऊन एकत्र बसावे आणि आधी पावसाळा वगळावा. जून ते सप्टेंबर या काळात कोकणात आणि घाटमाथ्यावर दरडी कोसळतात, वरंधसारखे घाट वाहतुकीला बंद होतात, गाडीतले कपडे वाळत नाहीत आणि गाद्यांना दमट वास धरतो. याच महिन्यांत लडाखचा हंगाम असतो हे खरे. परंतु ठाण्याहून लेह दोन हजार किलोमीटरहून दूर आहे आणि तेवढे अंतर जाऊन येण्यातच सुट्टीचा मोठा भाग खर्ची पडतो. लडाखच पाहायचे असेल तर विमानाने किंवा रेल्वेने उत्तरेत पोहोचून तिथूनच गाडी घेणे सोयीचे ठरते.

त्यानंतर उन्हाळा. मार्चअखेरपासून विदर्भ-मराठवाड्यात मोटरहोमचा पत्रा दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत आत उष्णता टिकते. ‘गाडीत एसी आहे’ या वाक्यावर समाधान मानू नये. बारा व्होल्टची २०० अँपिअर-अवर क्षमतेची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात अडीच युनिटच्या आसपास वीज असते, आणि एक टनाचा एसी तेवढी वीज दोन-तीन तासांत संपवतो. छतावरचे सौर पॅनेल पंखा, दिवे, फ्रिज आणि मोबाइल सांभाळतात. रात्रभराचा एसी त्यांच्या आवाक्यात नाही. त्यासाठी मुक्कामाच्या ठिकाणी १६ अँपिअरचा सॉकेट मिळावा लागतो, नाहीतर जनरेटर लावावा लागतो, आणि जनरेटरच्या आवाजात शेजाऱ्यांनी का झोपावे, हा प्रश्न उरतोच.

उरले ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे सुमारे दीडशे रात्री. त्यांतून नवरात्र आणि दिवाळी काढावी, तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी नात्यातली लग्ने काढावीत, मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल तर त्यांचे डिसेंबरमधले येणे काढावे, दर तीन महिन्यांनी होणाऱ्या रक्ततपासण्या आणि डॉक्टरांच्या भेटी काढाव्यात. नातवंडांना सांभाळण्याची जबाबदारी ज्या आजी-आजोबांवर आहे, त्यांची यादी याहून लांब होईल. इतके करून उरणाऱ्या दिवसांत आठ-दहा रात्रींच्या तीन सहली बसल्या, तर ते वर्ष चांगले गेले असे म्हणावे. मोटरहोमची स्वप्ने ‘महिनोन्महिने फिरू’ अशा शब्दांत रंगवली जातात. कॅलेंडरवरचा आकडा मात्र बहुधा तीस-चाळीसच्या घरात येतो, आणि पुढचा सगळा हिशोब त्याच आकड्यावर चालतो.

पैशांचा हिशोब

पुढील आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी गृहीत धरले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्याला मिळालेली प्रत्यक्ष दरपत्रके घालावीत. समजा, कर, नोंदणी आणि विमा धरून मोटरहोम ३० लाख रुपयांना पडली आणि सहा वर्षांनी ती १२ लाखांना विकली गेली. म्हणजे दरवर्षी ३ लाख रुपये घसाऱ्यात गेले. विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि बॅटरीसाठी बाजूला काढायची रक्कम आणि जागेचे भाडे मिळून वर्षाला दीड लाख धरू.

याशिवाय एक खर्च असा आहे की ज्याची पावती कुणी देत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची प्रतिव्यक्ती मर्यादा २०२३ पासून ३० लाख रुपये आहे आणि एप्रिल २०२३ मध्ये तिचा व्याजदर ८.२ टक्के झाला. या दराने ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे वर्षाला २ लाख ४६ हजार रुपये व्याज मिळते. गाडी घेतली की हे उत्पन्न थांबते. (व्याज करपात्र असल्यामुळे ज्यांना आयकर लागतो त्यांनी तो वजा करून आकडा घ्यावा.) शिवाय ५५ ते ६० या वयात निवृत्त होणाऱ्यांना निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आतच या योजनेत खाते उघडता येते, त्यामुळे गाडीच्या विचारात ती मुदत हातची जाऊ देऊ नये. आधी खाते उघडावे, गाडीचे नंतर पाहावे.

तर घसारा ३ लाख, बुडालेले व्याज २ लाख ४६ हजार आणि उभ्या गाडीचा खर्च दीड लाख, असे मिळून वर्षाला ६ लाख ९६ हजार रुपये होतात, आणि यात अजून डिझेलचा एक थेंबही धरलेला नाही. दुसऱ्या बाजूला, चालक आणि डिझेलसह मोटरहोमचे भाडे दिवसाला १२,००० रुपये धरू. स्वतःच्या गाडीत मुक्कामाचे आणि प्रवासाचे दिवस मिळून रोज सरासरी १२० किलोमीटर धावणे झाले, लिटरला दहा किलोमीटर सरासरी मिळाली आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरले, तर रोजचा इंधनखर्च ११०० रुपयांच्या आसपास जातो. म्हणजे गाडी स्वतः चालवणाऱ्याचे दिवसाला १०,९०० रुपये वाचतात, आणि ६ लाख ९६ हजार रुपये भरून निघण्यासाठी वर्षात ६४ दिवस प्रवास करावा लागतो. चालक ठेवून त्याला भत्त्यासह दिवसाला १५०० रुपये दिले, तर हाच आकडा ७४ दिवसांवर जातो.

कॅलेंडरवर तीस-चाळीस रात्री निघालेल्या जोडप्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ज्यांच्या रात्री ऐंशी-नव्वदच्या पुढे जातात, ज्यांच्यावर घरची जबाबदारी नाही आणि जे खरोखर दोन-दोन महिने बाहेर राहतात, त्यांचा हिशोब खरेदीच्या बाजूने झुकतो आणि त्यांनी निःशंक मनाने खरेदीचा विचार करावा. मात्र निवृत्तीच्या रकमेला हात लावण्याऐवजी कर्ज काढण्याची कल्पना कुणी सुचवली तर ती बाजूला ठेवावी. नियमित पगार थांबल्यानंतर हौसेच्या वस्तूचा हप्ता अंगावर घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

टोलचाही थोडा फरक पडतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळू लागलेला फास्टॅगचा वार्षिक पास केवळ खासगी कार, जीप आणि व्हॅन यांच्यासाठी आहे. मिनीबसच्या वर्गात मोडणाऱ्या गाडीला तो मिळत नाही. हा पास राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे, त्यामुळे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर त्याचा उपयोग नाही.

गाडी उभी कुठे राहणार

ठाणे आणि नवी मुंबईत हा प्रश्न पैशांच्या प्रश्नाहून कठीण आहे. संकुलातील पार्किंगची जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते, तर ज्यावर मोटरहोम बांधतात त्या फोर्स अर्बानिया व्हॅनच्या लांब सांगाड्याची गाडी सुमारे सात मीटर लांब आणि अडीच मीटरहून थोडी उंच असते. त्या उंचीवर छतावरचा एसी, सौर पॅनेल आणि हवा खेळवणारा झरोका यांची भर पडते.

स्टिल्ट किंवा पोडियमची उंची मोजताना टेप थेट स्लॅबला लावू नये. स्लॅबखाली तुळई असते, तुळईखाली बऱ्याच इमारतींत आग विझवण्याच्या फवाऱ्यांचा लाल पाइप जातो, पाइपलाही खाली तोंड करून फवारा बसवलेला असतो आणि आपल्या उपयोगाची उंची जमिनीपासून त्या फवाऱ्याच्या टोकापर्यंतची असते. रॅम्प जिथे सपाट जमिनीला मिळतो, तिथे गाडीचा पुढचा भाग खाली असताना मागचा भाग वर उचलला जातो, म्हणून तिथली उंची वेगळी मोजावी. पोडियमवर नेण्याचा विचार असेल तर भरलेल्या गाडीचे वजन किती आणि स्लॅब किती भारासाठी बांधलेला आहे, हे सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावे.

इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेवर अनेकांची नजर जाते; परंतु ती जागा अग्निशमन दलाच्या बंबासाठी मोकळी ठेवायची असते आणि तिथे सात मीटरची गाडी कायमची उभी करू देणे कोणत्याही समितीला शोभणारे नाही. वाहनतळाचे वाटप सोसायटीच्या उपविधींप्रमाणे आणि सर्वसाधारण सभेच्या निर्णयाने होते, तेव्हा सचिवांनी जिन्यात भेटल्यावर ‘बघू या, काका, होईल काहीतरी’ म्हणणे म्हणजे परवानगी नव्हे. गाडीची लांबी, रुंदी, उंची आणि वजन लिहून रीतसर अर्ज द्यावा आणि ठरावाची प्रत हाती आल्याशिवाय गाडीचे आगाऊ पैसे भरू नयेत. नेरूळ, वाशी किंवा खारघरमध्ये रो-हाउस असणाऱ्यांची बाजू यात बरीच सोपी आहे, तरीही फाटकाची रुंदी आणि समोरच्या रस्त्यावर वळण घेण्याइतकी जागा त्यांनीही मोजावी.

संकुलात जागा नसेल तर बदलापूर, मुरबाड, कर्जत किंवा पनवेलच्या बाजूला नातेवाइकांच्या आवारात गाडी ठेवण्याचा पर्याय सुचतो. तो वाईट नाही. मात्र गाडी घरापासून दूर गेली की तिच्याकडे लक्ष देणे कमी होते, आणि उभी गाडी लक्ष मागते. उंदीर वायरी कुरतडतात, बॅटरी आपोआप उतरते, टायर एकाच जागी दबतात. खाडीकाठच्या खारट हवेत सांगाड्याच्या खालच्या बाजूला गंज धरतो आणि पावसाळ्यात प्लायवुडच्या कपाटांना बुरशी येते. आठवड्यातून एकदा इंजिन दहा मिनिटे नुसते सुरू ठेवले की झाले, असा समज आहे. पण बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो स्वच्छ होण्यासाठी इंजिन चांगले तापून गाडी काही वेळ सलग वेगाने धावावी लागते. उभ्या उभ्या इंजिन सुरू ठेवल्याने तो फिल्टर उलट भरत जातो. म्हणून पंधरवड्यातून एकदा गाडी महामार्गावर पाऊण तास सलग फिरवून आणावी. हे काम सत्तरीतही जमेल का, याचा विचार आजच केलेला बरा.

भाड्याची पहिली सहल

पहिली सहल लांबची नसावी आणि फार सोयीचीही नसावी. चार-पाच रात्री मिळतील, एक रात्र वीजजोडणीशिवाय काढावी लागेल आणि एकदा तरी घाट चढावा लागेल, अशी ती आखावी. ठाण्याहून कसारा घाटाने इगतपुरी आणि तिथून भंडारदरा हा रस्ता यासाठी उत्तम आहे. भंडारदऱ्यासह गणपतीपुळे, वेळणेश्वर, हरिहरेश्वर, तारकर्ली आणि माळशेज येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने आहेत. आवारात गाडी उभी करून वीजजोडणी आणि पाणी मिळेल का, हे आधी फोन करून विचारावे आणि होकार संदेशाने लेखी मागून घ्यावा. परदेशात असते तशी मोटरहोमसाठीच्या तळांची साखळी आपल्याकडे अजून उभी राहिलेली नाही. राखीव वनात मनाला येईल तिथे मुक्काम करता येत नाही, समुद्राच्या वाळूवर गाडी नेऊ नये, आणि माथेरानला तर कोणतीही गाडी दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाही. त्यामुळे प्रत्येक रात्र कुठे काढायची हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे.

आपल्याकडे भाड्याची मोटरहोम बहुधा चालकासह मिळते. काही जणांना हे बंधन वाटते; मला साठीनंतर ती सोय वाटते. मात्र चालक रात्री कुठे झोपणार, त्याचे जेवण कुणाकडे आणि त्याने शौचालय कोणते वापरायचे, हे व्यवहार ठरतानाच स्पष्ट करावे. दिवसभर गाडी चालवलेल्या माणसाला पुढच्या आसनावर पाय दुमडून झोपायला लावणे माणुसकीला धरून नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या घाटात ते सुरक्षितही नाही. त्याच्यासाठी जवळच्या लॉजमध्ये खोली घ्यावी आणि तो खर्च भाड्यातच धरावा.

करारात दिवसाचे किमान किलोमीटर किती, त्यापुढचा दर किती, गाडी मुक्कामी उभी असलेल्या दिवसाचे भाडे किती, टोल आणि राज्यप्रवेशाचा कर कुणाकडे, गाडी वाटेत बिघडली तर पर्यायी व्यवस्था काय आणि शौचालय वापरू देणार की नाही, हे मुद्दे लिहिलेले असावेत. शेवटचा प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो, परंतु काही मालक शौचालय केवळ दाखवण्यापुरते ठेवतात. ज्यांना मधुमेहामुळे रात्री दोनदा उठावे लागते, त्यांना ही अडचण निम्म्या वाटेत कळता कामा नये.

गाडीची नंबरप्लेटही पाहून घ्यावी. चालकासह भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. पाटी पांढरी असेल तर ती गाडी खासगी वापराची आहे, भाड्याने देणे बेकायदेशीर आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. परराज्यात जायचे असेल तर अखिल भारतीय पर्यटक परवान्याची प्रत स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

गाडीत चढण्याची पायरी हा विषय जाहिरातीत कधी येत नाही. घराच्या जिन्याची पायरी सहा-सात इंच उंच असते. मोटरहोमची पहिली पायरी अनेकदा बारा इंचांहून अधिक निघते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हातात पिशवी घेऊन ती दहा वेळा चढून-उतरून पाहावी, आणि ते भर दिवसा गॅरेजमध्ये न करता रात्री अंधारात, पायात चपला घालून करावे, कारण प्रत्यक्षात उतरण्याची वेळ तीच असते. पलंगावर चढण्यासाठी शिडी असेल तर ती गाडी आपल्यासाठी नाही, असे समजावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रिजमध्ये छोटा तापमापक ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहावा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिले पाहिजे, आणि इंजिन बंद असताना फ्रिज पहाटेपर्यंत ते तापमान राखतो का, हे एका रात्रीतच समजते.

पाण्याचा अंदाजही पहिल्या सहलीतच यावा. शंभर लिटरची टाकी दोघांना दोन-तीन दिवस पुरते, पण त्यासाठी अंघोळ बादलीतल्या मोजक्या पाण्यात करावी लागते आणि नळ उघडा सोडून भांडी घासता येत नाहीत. शौचालयाची पेटी भरली की ती सेप्टिक टँकला जोडलेल्या शौचालयात, तिथल्या व्यवस्थापकांच्या परवानगीने रिकामी करावी. ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर मुळीच नाही. हे काम निदान एकदा दोघांपैकी एकाने स्वतः करून पाहावे. ज्याला ते जमत नाही, त्याने मोटरहोम विकत घेऊ नये, इतक्या थेट शब्दांत मी हे सांगेन.

दुसरी सहल कोकणातली असावी. जांभ्याच्या गडग्यांमधून जाणाऱ्या वाटा, रस्त्यावर झुकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या आणि समोरून येणारी एसटी या तिन्हींतून सात मीटरची गाडी नेताना आपल्याला कोणत्या आकाराची गाडी झेपेल, हे नेमके कळते. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला आणि दिघी-आगरदांडा या फेरीबोटींवर गाडी चढवायची असेल तर वजन आणि लांबी सांगून आधी विचारावे. कोकणची सहल करून आलेल्यांपैकी पुष्कळांना मोठी मोटरहोम नको होते आणि ते छोट्या कॅम्पर व्हॅनकडे वळतात किंवा कारने जाऊन घरगुती निवासात उतरणेच पसंत करतात. हाही भाड्याच्या सहलीने मिळालेला स्वच्छ निर्णयच आहे, आणि तीस लाखांच्या मानाने तो फार स्वस्तात मिळालेला असतो.

मुलांकडे न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांसाठी एक जोड सूचना. तिथे आपल्यासारखीच डाव्या बाजूची वाहतूक आहे आणि मोटरहोम भाड्याने घेण्याची पद्धत रुळलेली आहे. निघण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढावा, आणि भाड्याने देणाऱ्या कंपनीची कमाल वयोमर्यादा व विम्यातील ज्येष्ठांसाठीच्या अटी आधी वाचाव्यात.

विकत घ्यायचीच असेल तर

दोन-तीन सहलींनंतरही उत्साह टिकला, रात्री साठ-सत्तरच्या पुढे जाऊ लागल्या आणि जागेचा ठराव हाती आला, तर खरेदीकडे वळावे. इथे सर्वांत मोठा धोका कागदपत्रांचा आहे. बारा आसनांची गाडी घेऊन ओळखीच्या कारागिराकडून आत पलंग, ओटा आणि शौचालय बसवून घेणे स्वस्त पडते. तथापि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलात मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. त्यामुळे ज्या बांधणीला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र आहे, अशीच गाडी घ्यावी, आणि नोंदणी प्रमाणपत्रावर वाहनाचा प्रकार काय लिहून येणार हे ठाण्याच्या एमएच-०४, वाशीच्या एमएच-४३ किंवा पनवेलच्या एमएच-४६ कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. आतल्या सामानाची किंमतही विम्यात नोंदवावी. नोंद नसेल तर आग लागल्यावर केवळ मूळ गाडीचीच भरपाई मिळेल.

चालवण्याचा परवाना हलक्या वाहनाचा असेल तर ७५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची गाडी चालवता येते, आणि ट्रॅव्हलर, अर्बानिया किंवा विंगर यांच्या सांगाड्यावरच्या बहुतेक मोटरहोम या मर्यादेत बसतात. वयाच्या ५५ वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते आणि त्यासाठी फॉर्म १-ए मध्ये डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. गाडी सहा-आठ वर्षे वापरायचा बेत असेल तर त्या काळात निदान एक नूतनीकरण येणारच, तेव्हा मोतीबिंदूची तपासणी खरेदीपूर्वीच करून घ्यावी. समोरून येणाऱ्या दिव्यांची तिरीप रात्री सहन होत नसेल, तर सूर्यास्तानंतर गाडी न चालवण्याचा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

वापरलेली मोटरहोम पाहायची असेल तर जुलैमध्ये पाहावी. छताच्या सांध्यांतून, झरोक्याभोवती आणि खिडक्यांच्या रबरातून होणारी गळती ठाण्याच्या पावसात लपत नाही. कपाटांच्या मागच्या कोपऱ्यात हात घालून प्लायवुड दाबून पाहावे. बोट आत रुतले तर तो सौदा सोडून द्यावा, कितीही सूट मिळाली तरी. बँकेचा बोजा उतरला आहे का, नोंदणी कोणत्या प्रकारात झाली आहे आणि विम्याचा जुना दावा आहे का, हे पाहावे. उत्तरेकडे फिरण्याचा बेत असेल तर गाडीचे वयही महत्त्वाचे ठरते, कारण दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर निर्बंध आले आहेत आणि त्यासंबंधीचे आदेश वेळोवेळी बदलत आले आहेत; निघण्यापूर्वी ताजी स्थिती तपासावी. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण पुन्हा करावे लागते, हेही किंमत ठरवताना लक्षात असावे.

नोंदणी करतानाच वारसदाराचे नाव, म्हणजे नॉमिनी, नोंदणी प्रमाणपत्रात घालून घ्यावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ही सोय दिली आहे. मालकाच्या मृत्यूनंतर नॉमिनीने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. ज्या जोडीदाराला गाडी चालवता येत नाही, त्याला किंवा तिला ही गाडी पुढे कुणाला विकायची, तिची चावी, विमा, सर्व्हिसिंगची नोंदवही आणि प्रमाणपत्रे कुठे आहेत आणि बांधणी करणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक काय, हे एका कागदावर लिहून तो कागद मृत्युपत्राच्या पाकिटात ठेवावा आणि मुलांना दाखवून द्यावा.